उशाला कोरा, पायथ्याला मी

मी पायथ्याचा दगड बोलतोय. डोंगराच्या पायथ्याचा नव्हे, कबरीच्या पायथ्याचा. खाटेला जशी उशाची बाजू आणि पायथ्याची बाजू असते, तशी ती कबरीलाही असते. उशाचा दगड मोठा, रुंद, त्यावर नाव, तारखा, झुकलेल्या झाडाची फांदी, सगळा थाट. पायथ्याचा दगड वीतभर रुंद, त्यावर नावाची दोन अक्षरं. लोक उशाच्या दगडासमोर टोपी काढून उभे राहतात, आणि उभं राहायला जागा अपुरी पडली की माझ्यावर पाय ठेवतात. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे, आता वाटत नाही.

माझ्यावर ‘के. एम.’ ही दोन अक्षरं आहेत. वरून पाहिलं तर मी जेमतेम गुडघ्याएवढा. पण जेवढा वर आहे त्याहून जास्त मी जमिनीच्या आत आहे, आणि माझी खरी गोष्ट आतल्या भागाचीच आहे.

टेनेसीच्या पूर्वेकडच्या डोंगरात ऑटर नावाचा ओढा आहे. त्याच्या काठचा मी, मऊ वाळूचा दगड. त्याच ओढ्याकाठी आसा लेडफर्ड आणि त्याची बायको टॅमसेन कॅरोलिनाकडून डोंगर ओलांडून आले, तेव्हा इथे एकही धुराडं नव्हतं. एक घोडा, एक कुऱ्हाड, बियाण्याच्या मक्याची पिशवी आणि बायबल, एवढाच त्यांचा संसार. पहिला हिवाळा त्यांनी पडलेल्या झाडाच्या आडोशाला काढला म्हणतात. मी तेव्हा पाण्यात होतो, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण टॅमसेनला मी पुढे म्हातारपणी पाहिलं, आणि त्यांनी तसा हिवाळा काढला असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

त्यांची पहिली लेक केझाया. चार वर्षांची असताना घशाच्या आजाराने गेली. टॅमसेनने तिच्यासाठी टेकडीवरची ही जागा निवडली. आसा म्हणाला होता, इतक्या वर कशाला, खणायला नुसते खडक आहेत. ती म्हणाली, स्वयंपाकघराच्या दारातून दिसली पाहिजे. दिसते अजून. घर पडून गेलं, पण दाराची पायरी आहे. तिच्यावर उभं राहिलं की हे कुंपण नेमकं नजरेत येतं. लेडफर्डांच्या दफनभूमीतली ती पहिली कबर, १८१९ सालची.

पुढे टॅमसेनला पुन्हा मुलगी झाली. तिचं नावही केझायाच ठेवलं. तेव्हाची रीतच होती तशी. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायचं, म्हणजे घरात ती हाक बंद पडत नाही. नवऱ्याने बायबल पुढे सरकवलं. त्यात मुलांचे जन्म लिहायचे. टॅमसेनने पान पाहिलं आणि मिटून ठेवलं.

“केझाया लिहिलेलंच आहे की,” ती म्हणाली. “एकच नाव दोनदा कशाला?”

हे मला तिच्या लेकीच्या नवऱ्याकडून कळलं. कामाच्या वेळी तो दगडांशी बोलायचा. जगात माणसं केवढ्या मोठ्या चुका करतात, आणि ही केवढी साधी! शाई वाचवणाऱ्या एका बाईची. पण त्या न लिहिलेल्या एका ओळीने दीडशे वर्षं एका घराण्याला घराबाहेर उभं केलं.

तो नवरा म्हणजे जोएल मॅब्री, पाथरवट. ओढ्यातून मला उचललं ते त्यानेच. दुसरी केझाया मोठी झाली, संसाराला लागली, तिला मुलं झाली, आणि १८५८च्या वसंतात शेवटच्या बाळंतपणात ती गेली. म्हाताऱ्या टॅमसेनने निरोप धाडला: माझी पोर माझ्या दारासमोर आण. जोएलने बैलगाडीतून तिला टेकडीवर आणलं आणि पहिल्या केझायाच्या शेजारी ठेवलं. दोघी बहिणी, एकच नाव, मधे हातभर अंतर.

मग तो दगड घडवायला बसला. पाथरवट आधी पायथ्याचा दगड घेतो, तो लवकर होतो आणि हात बसतो. माझा पृष्ठभाग त्याने गुळगुळीत केला, ‘के. एम.’ कोरलं, दोन्ही अक्षरांपुढे टिंबं दिली. काम चोख. मी त्याच्या हाताखालून गेलो याचा मला आजही अभिमान आहे.

मग उशाचा दगड. चांगली चार बोटं जाडीची शिळा आणली होती त्याने. नाव कोरण्याआधी तारखा हव्यात, म्हणून तो टॅमसेनकडे गेला. बायबलात केझाया होती: जन्म १८१५, मृत्यू १८१९. ही नव्हेच. म्हातारी आठवायला लागली.

“डॉगवुडचं झाड फुललं होतं बघ. आणि तांबडी गाय व्याली होती त्या आठवड्यात.”

“साल, आई?”

“अरे, बारा पोरं झाली मला. साल कोण ध्यानात ठेवतं? घाल की तुझ्या मनाने एखादं.”

जोएल शेडमध्ये परत आला आणि त्या शिळेसमोर बसून राहिला. बाकीच्यांनी सांगितलं, अंदाजाने लिही, कोण बघायला येतंय! त्याने मान हलवली. “वीस वर्षं लोकांचे दगड घडवले, एकावरही खोटं लिहिलं नाही. बायकोच्याच दगडावर लिहू?” नक्की साल कळेपर्यंत शिळा कोरीच लावायची असं त्याने ठरवलं.

पण मन स्वस्थ बसत नव्हतं. मला जमिनीत पुरायच्या आदल्या दिवशी त्याने मला पुन्हा मांडीवर घेतलं. पाथरवट नव्या छिन्नीची धार दगडाच्या खालच्या भागावर बघतात, जो भाग मातीत जाणार असतो, जो कोणी वाचणार नसतो. तिथे त्याने बारीक अक्षरांत चार ओळी कोरल्या. त्या वरच्या अक्षरांइतक्या देखण्या नाहीत. पण साल वगळता त्याला जे खरं ठाऊक होतं ते सगळं त्यात आलं.

केझाया, या नावाची दुसरी.
आसा लेडफर्डची लेक.
माझी बायको.
कोरलं जोएल मॅब्रीने.

मग त्याने मला जमिनीत उभं केलं, माती दाबली, आणि ओळी अंधारात गेल्या.

साल कळलं नाही. टॅमसेन दोन वर्षांत गेली, तिच्या मागोमाग यादवी युद्ध आलं, जोएल त्यात गेला आणि कुठे पुरला गेला ते कुणाला माहीत नाही. मुलांना त्याच्या बहिणीने खाली खोऱ्यात नेलं. ती सूतगिरणीच्या गावात वाढली, गिरणीतच लागली. टेकडीवरच्या लेडफर्डांशी जाणंयेणं तुटलं. कचेरीला आग लागली त्यात लग्नाची रजिस्टरं जळाली. मग उरला कोण? उशाला कोरा दगड, आणि पायथ्याला दोन अक्षरं घेऊन उभा असलेला मी.

पाहतापाहता शंभर वर्षं गेली. आमच्या डोंगरात मे महिन्यातल्या एका रविवारी कबरी सजवतात. त्याला सगळे ‘डेकोरेशन’ म्हणतात. आदल्या दिवशी गवत काढायचं, दगड धुवायचे. रविवारी फुलं वाहायची, गाणी म्हणायची आणि मग झाडाखाली लांबच लांब टेबलं लावून जेवायचं. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव. पाद्रीबाबांचं भाषण लांबलं की कोंबडीकडे बघणाऱ्या नजरा मी मोजत असतो. त्या दिवशी जो तो एकमेकांचं नातं काढतो. तू अमक्याचा नातू, म्हणजे माझा भाचा. तू तमकीची सून, म्हणजे वहिनी. एकदा नातं लागलं की मग हाक त्याच नात्याने, मरेपर्यंत.

या नात्यांचा हिशेब ठेवणारा माणूस म्हणजे हॉबर्ट लेडफर्ड, आसाचा खापरपणतू. शाळेत इतिहास शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. या माणसाचं मला फार कौतुक. इथला एकेक दगड त्याने गुडघ्यावर बसून वाचला. लोक पीठ चोळून अक्षरं वाचायचे, त्यांना त्याने खडसावून बंद केलं. पिठाने दगड सडतो. तो खिशात आरसा ठेवायचा, त्याने ऊन तिरकं पाडायचं की झिजलेलं अक्षर सावली टाकून उठून दिसतं. सत्तावीस वर्षं कचेऱ्या, चर्चची दप्तरं, लोकांचे माळे धुंडाळून त्याने घराण्याचं पुस्तक लिहिलं, स्वतःच्या टाइपरायटरवर. पुराव्याशिवाय त्यात एक शब्द नाही. कुणी म्हणालं की आमचे पणजोबा सरदार होते, तर हा विचारायचा, “कागद?”

त्या पुस्तकात पान सेहेचाळीसवर लिहिलं होतं: केझाया, चौथ्या वर्षी वारली. पुढे वंश नाही. आणि शेवटी कबरींच्या यादीत माझ्याबद्दल: ‘के. एम.’, अज्ञात, बहुधा कामवाली मुलगी.

कामवाली मुलगी! जोएलची छिन्नी पाहून तरी कळायला हवं होतं.

आणि दुसरी होती व्हर्ना सायझमोर, माहेरची मॅब्री. जन्मभर गिरणीत उभी राहून पाय सुजलेले, आवाज यंत्रांवरून ओरडून मोठा झालेला. दर डेकोरेशनला ती गिरणीगावाहून यायची, कागदाची फुलं घेऊन नीट माझ्याकडे यायची, कोऱ्या दगडाला फुलं वाहायची आणि टेबलावर तिचा केक ठेवायची. सुकवलेल्या सफरचंदाचा, आठ पातळ थरांचा. तो केक आधी संपायचा. पण तिला कुणी नात्याने हाक मारत नसे.

“माझ्या आजोबांची आई आहे ही,” ती सांगायची. “आजोबा दहा वर्षांचे होते. बैलगाडीमागून चालत आले होते. आईला तिच्या आईच्या दारासमोर ठेवलं, असं सांगायचे.”

“बाई,” मास्तर म्हणायचा, “आसाची केझाया चार वर्षांची असताना वारली. हा तिचा दगड, हे बायबल. चार वर्षांच्या पोरीला नातवंडं कशी होतील?”

“तेच मी विचारते मास्तर. मग मी आले कुठून, पावसाबरोबर?”

“दुसऱ्या मुलीला तेच नाव दिलं असेल, शक्य आहे. त्या काळी देत. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.”

“जगातल्या सगळ्यांना तुम्ही ताई, आत्या, मावशी म्हणता. त्या गिल्बर्टच्या तिसऱ्या बायकोलासुद्धा वहिनी. मला मात्र तीस वर्षं ‘बाई’.”

“कागद आणा बाई, मग म्हणतो.”

हे दरवर्षी चालायचं. त्यात रागही होता आणि दोघांना त्याची सवयही झाली होती. एकदा तापामुळे व्हर्ना आली नाही, तर मास्तर दिवसभर फाटकाकडे बघत होता. केकचा तुकडा नसल्यामुळे असेल, असं त्याची बायको म्हणाली.

मग एका वर्षी व्हर्ना काठी टेकत आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. हृदय थकलंय, डॉक्टरने वर्षभराची मुदत दिली होती. तिने फुलं वाहिली आणि सरळ दफनभूमीच्या विश्वस्तांच्या टेबलापाशी गेली.

“मला इथे यायचंय,” ती म्हणाली. “तिच्या शेजारी. कोपऱ्यात एका माणसापुरती जागा आहे, मी मोजलीय.”

कुंपणाच्या आत आसाच्या रक्ताचा माणूस आणि त्याचा जोडीदार एवढ्यांनाच जागा, असा नियम आहे. जागाही थोड्याच उरल्या होत्या. सगळ्यांनी मास्तरकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बाई, माझ्या हातात असतं तर...”

“तुमच्याच हातात आहे.”

“नियम माझा नाही. आज तुम्हाला पुराव्याशिवाय आत घेतलं, उद्या आणखी कोणी येईल.”

“येईल तो काय कबरीसाठी खोटं बोलत येईल? गावात स्वस्त मिळते, रस्त्यालगत, दारात गाडी.” तिने काठी आपटली. “मला गिरणीवाल्यांमध्ये नाही पडायचं मास्तर. आयुष्यभर तिथेच होते. मला घरी यायचंय.”

मास्तर म्हणाला, पुढच्या डेकोरेशनला विश्वस्तांची बैठक घेऊ, तोवर काही सापडलं तर बघू. त्याने शोधलंही. त्या वर्षभरात तो आणखी दोन कचेऱ्या पालथ्या घालून आला. आणि मी इथे, दोन हात अंतरावर, पोटात चार ओळी घेऊन उभा होतो. दगडाला तोंड नसण्याचं दुःख मला त्या वर्षाइतकं कधीच झालं नाही. तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसायचा, वरची अक्षरं दहादा वाचायचा. अरे बाबा, थोडा खाली बघ! पण तो कसा बघणार? पुरलेला दगड हलवायचा नाही, ही शिस्त त्यानेच सगळ्यांना लावली होती.

आणि मग ज्याला शिस्त नावाची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस कामी आला. मास्तरचा पुतण्या डेल्बर्ट, पन्नाशीचा, गवत कापायचा ट्रॅक्टर याचा. पुढच्या डेकोरेशनच्या आदल्या शुक्रवारी त्याचं पातं माझ्यावर आदळलं. माझा टवका उडाला, त्याचं पातं वाकलं. तो खाली उतरला, मला दोन शिव्या घातल्या, पहारीने उचकटलं आणि फाटकापाशी नेऊन आडवा टाकला. फाटक वाऱ्याने मिटत होतं, त्याला अडसर झाला. माझं तोंड मातीत आणि एकशे छत्तीस वर्षं मातीत असलेला भाग उन्हात. त्या भागाला उन्हाचा चटका किती लागतो, काय सांगू.

शनिवारी सकाळी व्हर्ना आली. कबरीपाशी गेली आणि तिचा तो गिरणीतला आवाज टेकडीभर घुमला.

“माझा दगड कुठाय?”

मास्तर धावत आला. धावत म्हणजे, शहात्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. जमिनीत माझ्या जागी खड्डा होता.

“डेल्बर्ट!”

“काका, पातं वाकलं माझं! एवढासा दगड तो. मोठा आहे की उशाला, तो ठेवलाय ना जागेवर.”

“मोठ्यावर एक अक्षर नाही, गाढवा! यांची सगळी दोनच अक्षरं होती, तीसुद्धा काढलीस!”

हे ऐकून मला बरं वाटलं. ‘यांची’ म्हणाला तो. ‘त्या कामवालीची’ नाही म्हणाला.

व्हर्ना फाटकाशी पोचली. वाकता येईना, म्हणून काठीने तिने माझ्यावरची माती उकरली. वाळलेली माती खपलीसारखी निघाली.

“मास्तर,” ती म्हणाली, आणि आवाज एकदम लहान झाला. “इथे काहीतरी खरवडलंय. मला मोतीबिंदूने दिसत नाही. बघा ना.”

मास्तर गुडघ्यावर बसला. खिसे चाचपले, आरसा घरी राहिला होता. व्हर्नाने पर्समधून पावडरची डबी काढली, झाकणातला छोटा आरसा उघडून धरला. “असा?” “थोडा खाली. आणखी. हां, असाच धरा.” ऊन माझ्यावर तिरकं पडलं. आरसा जरा हलला की अक्षरं पुसट होत होती आणि पुन्हा उठत होती.

मास्तरने वाचलं. मनातल्या मनात वाचलं.

डेल्बर्ट दूर ट्रॅक्टरशी खटपट करत होता. व्हर्नाला दिसत नव्हतं. त्या टेकडीवर त्या क्षणी त्या चार ओळी फक्त एकाच माणसाला वाचता येत होत्या, आणि त्या माणसाची सत्तावीस वर्षं त्या ओळींनी खोटी ठरत होती. पान सेहेचाळीस, तिथे तोडून टाकलेली शाखा, प्रत्येक घरात पोचलेलं पुस्तक. “झिजलंय, वाचता येत नाही,” एवढं म्हणाला असता तरी कुणी हरकत घेतली नसती. मला पुन्हा मातीत उभं केलं असतं आणि विषय संपला असता. दगड असूनही मला घाम फुटल्यासारखं झालं.

“काय आहे?” व्हर्नाने विचारलं. “काही नाही का?”

मास्तरने घसा साफ केला. मग शाळेत धडा वाचावा तसा, ठणठणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचला.

“केझाया. या नावाची दुसरी. आसा लेडफर्डची लेक. माझी बायको. कोरलं जोएल मॅब्रीने.”

आरसा व्हर्नाच्या हातातून निसटला. ती फाटकाला धरून उभी राहिली आणि रडली, आवाज न करता. मास्तर तिथेच गुडघ्यावर होता. उठायला मदत लागते त्याला, पण तो हाक मारत नव्हता. मग म्हणाला, “शाई वाचवली असेल म्हातारीने. बायबलात. मला सुचायला हवं होतं.” एवढंच म्हणाला. ‘माफ करा’ हा शब्द त्या माणसाच्या तोंडाला कधी जमला नाही.

पण त्याने जे केलं ते सांगतो. रविवारी जेवणाआधी तो टेबलावर उभा राहिला, डेल्बर्टने मागून धरलं होतं. हातात त्याचं पुस्तक. “आपापल्या घरी गेल्यावर पुस्तक काढा. पान सेहेचाळीस. ‘पुढे वंश नाही’ ही ओळ खोडा. चूक माझी आहे, टाइपरायटरची नाही. नवीन ओळ अशी,” आणि त्याने केझाया दुसरी, जोएल मॅब्री, त्यांची मुलं, आणि खाली येत येत व्हर्नापर्यंत सगळी नावं सांगितली. लोक पेन्सिली शोधू लागले. कोंबडी गार झाली, पण कुणी कुरकुर केली नाही. कोपऱ्यातली जागा हात वर करून एकमताने मंजूर झाली.

मला पुन्हा उभं करायचं, त्यावरून मास्तर आणि व्हर्नाचं जुंपलंच.

“खालचा भाग वर ठेवू,” मास्तर म्हणाला. “सिमेंटमध्ये बसवू. पुरावा सगळ्यांना दिसला पाहिजे.”

“फोटो काढलेत ना तुम्ही दहा? पुरे झाला पुरावा. ते त्याने आपल्याला दाखवायला लिहिलेलं नाही मास्तर. तिच्यासाठी लिहिलंय. होता तसा पुरा.”

पुरलं. मास्तरने स्वतः माती दाबली. जाताना व्हर्ना म्हणाली, “मग? आता तरी?”

“आता तरी काय, बाई?”

“काही नाही. केक घ्या.”

सवय, दुसरं काय! तीस वर्षं एकच शब्द तोंडात बसलेला. ती हसून निघाली, पण फाटकापाशी थांबून तिने एकदा मागे पाहिलं. ते हसू पूर्ण नव्हतं, हे मला इथून दिसलं. पुढच्या डेकोरेशनला ती आली नाही. फेब्रुवारीत गेली होती. माझ्या डाव्या बाजूला, कोपऱ्यात, ती आता घरी आहे.

तिच्या मुलांनी उशाला चांगला ग्रॅनाइटचा दगड आणला. पायथ्याचा नाही आणला; हल्ली कुणी घडवतच नाही. मास्तर म्हणाला, तो मी देतो. ओढ्यातून दगड आणला, जुन्या विटांवर महिनाभर छिन्नी चालवून हात बसवला, एक नख काळंनिळं करून घेतलं. ‘व्ही. एस.’ ही दोन अक्षरं त्याने कोरली. ‘एस’ साफ वाकडा. जोएलने पाहिला असता तर डोक्याला हात लावला असता. मला मात्र तो फार आवडतो. मास्तरही आता खाली, चार रांगा पलीकडे आहे. त्याच्या उशाला लिहिलंय, ‘त्याने सगळं तपासून लिहिलं.’

माझं काय चाललंय म्हणाल, तर बरं चाललंय. टवका उडालेला कोपरा थंडीत ठणकतो. सकाळचं ऊन इथे आधी मला मिळतं, कारण पायथा पूर्वेला. जगाच्या शेवटच्या दिवशी कबरीतले सगळे उठून बसतील तेव्हा समोर आधी आम्हालाच बघतील, असं इथले लोक मानतात. तुमची कुणाची माणसं अशा एखाद्या टेकडीवर असतील आणि तुम्ही त्यांना शोधत गेलात, तर उशाशी थांबून परतू नका. दोन पावलं पुढे या, पायथ्याशी बसा. आणि कृपा करून पहार आणू नका; प्रत्येक वेळी डेल्बर्टची चूक कामी येईलच असं नाही.

एवढं सांगून गप्प बसायला हवं. पण शेजारच्या दगडाचं एक गुपित माझ्याकडे आहे, आणि मास्तरला आता लाजायचं कारण उरलेलं नाही. दगड पुरायच्या दिवशी त्याने डेल्बर्टला पाणी आणायला पाठवलं आणि खुर्चीवर बसून दगडाचा खालचा भाग हळूच माझ्याकडे वळवला. तिथेही कोरलं होतं. अक्षरं वाकडी, पण खोल. माझं वाचून झाल्यावर त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि दगड खड्ड्यात सोडला.

चुकलं गं माझं, ताई.